तिसऱ्या मजल्यावरच्या चिंध्या

१२ ऑगस्ट, सोमवार

निकोलस अंकलच्या खोकल्यातून रक्त पडलं. सकाळी, चहाच्या वेळेला. एलिसाने, त्याच्या बायकोने, टॉवेलची घडी केली, पिशवीत टाकली आणि मला विचारलं, "साखर घेता ना?"

दुपारी सिस्टर रेजिनाने सांगितलं, त्याच्या छातीत बुरशी धरलीय. बुरशी! चपलेला येते ती? लोणच्याच्या बरणीत येते ती? "त्यांच्याच खानदानातली म्हणा, बाय," म्हणाली आणि इंजेक्शन भरायला गेली. आठ दिवसांपूर्वी तीन नंबरच्या श्रीरंग गुरुजींना हेच निघालं होतं. त्यांना मुंबईला हलवलं. म्हणजे दोन झाले.

डॉक्टर ज्ञानदा संध्याकाळी आल्या. त्या आठवड्यातून दोनदा येतात, असल्या लागणींचं बघायला. पोर तिशीची असेल, पण कोणाला उडवून लावत नाही. मी विचारलं तर खाटेच्या कडेला बसून सांगितलं. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात. आपण रोज शेकड्यांनी ओढतो. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांना झाडून काढतात. या वॉर्डात रक्ताच्या कॅन्सरचं औषध चालतं, त्यात त्या पेशीच मरतात. मग तो कण छातीत रुजतो.

म्हणजे राखणदार निजला की डुकरं वाडीत. समजलं.

माझी आर्या दोन नंबरच्या खाटेवर आहे. शत्रुघ्नभाऊची नात. एकोणीस वर्षांची. एप्रिलपासून हे चाललंय. तिचे आईबाप, विकी आणि खुशी, दोघे कामाला मुंबईला, म्हणून दिवस माझा. येत्या सोमवारी तिचा पुढचा डोस. त्यानंतर पंधरा दिवसांत पेशी शून्यावर येणार, असं डॉक्टरच म्हणाल्या.

बुरशी येते कुठून, ते त्याच्या आत कळायला हवं.

आर्याला नवी उशी दिली. निळ्या फुलांची. पहिली तिने वॉर्डातल्या विरारच्या एका बाईंना देऊन टाकली होती. "तिला जास्त गरज होती, आजी." आमच्या घराण्याचीच आहे! उशी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

निकोलस अंकलला सलाईनमधून बुरशीचं औषध सुरू. थंडी वाजते त्याने. दात वाजत होते तरी मला म्हणाला, "हंसाबाय, मी शिळा पाव झालो गो!" सगळा वॉर्ड हसला. एलिसा सोडून.

१५ ऑगस्ट, गुरुवार

खाली झेंडावंदन झालं. आर्याला खिडकीतून दाखवलं. खिडकी उघडली तर बाजूची जुनी इमारत पाडतात त्याची धूळ तोंडावर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घण चालू! बोटाने खिडकीची चौकट पुसली. पिठासारखी धूळ.

जुलैच्या दहा तारखेपासून पाडकाम चाललंय. गुरुजी खिडकीखाली होते. निकोलस अंकल खिडकीखालीच आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बापूची, माझ्या वडलांची, पद्धत आठवली.

आमचा पानमळा होता तेव्हाची गोष्ट. वेलींना मर लागली की बापू आधी औषधाला धावत नसे. जी वेल सुकली तिच्या काठीला चिंधी बांधायचा. चार दिवस नुसत्या चिंध्या. मग विहिरीच्या कठड्यावर उभा राहून वरून बघायचा. चिंध्या पाटाच्या रेषेत दिसल्या तर रोग पाण्यातून आला. कुंपणाच्या कडेने दिसल्या तर शेजाऱ्याकडून. म्हणायचा, "येल बोलत नाय, पन चिंधी बोलते."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर. पण चिंध्या बांधायला कुठे शाळा लागते?

वहीत वॉर्ड काढला. दहा खाटा. एक ते पाच खिडक्यांखाली, सहा ते दहा आतल्या भिंतीला. तीन आणि पाच नंबरला लाल पेनाने चिंधी.

दोन्ही खिडकीखाली. रेजिनाला दाखवलं, म्हटलं आर्याला आत हलव. दहा नंबर रिकामीच आहे. काल-परवा कुरकुर केली असती, आज मुकाट हलवली. आर्याचं सामान मीच नेलं. चार्जर, पाण्याची बाटली, उशी. उशी नीट थोपटून ठेवली. बरं वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

सकाळी आर्याचा डोस चढवला. ओकारी दोनदा.

शत्रुघ्नभाऊ आला राखी बांधून घ्यायला. वॉर्डात एका वेळी एकच माणूस, म्हणून बाहेरच्या बाकावरच ओवाळलं. नारळीभात डब्यात आणला होता वहिनीने. वही बघून म्हणतो, "झाली आमची हंसा डाक्टरीन! आता पाटी लाव दारावर." मी म्हटलं, लावते, आणि पहिला पेशंट तूच, त्या तंबाखूपायी.

मग इकडचं तिकडचं. आठ जुलैच्या पुराचा गाळ अजून त्याच्या वाडीत आहे. केळी आडवी झाली. मला विचारतो, "तुज्या पलंगाखाली सावरीचा कापूस व्हता गोनीत, तो तरी वाचला का? गुडघाभर पानी शिरला व्हता."

म्हटलं, गोणीचं बूड भिजलं फक्त. दहा दिवस माळ्यावर पसरून वाळवला. चुलीचा धूर दिला. काळ्या-हिरव्या गुठळ्या झाल्या होत्या त्या हाताने वेचून टाकल्या. आपल्या बांधावरच्या सावरीचा कापूस, तो काय फेकायचा?

"फेकशील कशाला! आयेची लेक ना तू," म्हणाला. आई फाटक्या गोधडीचीसुद्धा वात करायची.

जाताना डोळे पुसले त्याने. मला दिसू नये म्हणून जिन्यात.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नकाशा फसला.

आठ नंबरच्या जोआनाला तीन दिवस ताप होता. आज छातीचा फोटो काढला, त्यात बुरशीच. आठ नंबर आतल्या भिंतीला! खिडकी समोर, बारा-पंधरा पावलांवर. आणि एक नंबरच्या कामणच्या आजी, खिडकीला अगदी चिकटून, त्यांच्याही पेशी नाहीत, त्या ठणठणीत! मटारची भाजी का देत नाहीत म्हणून भांडत होत्या.

डॉक्टर ज्ञानदांना वही दाखवली. हसतील वाटलं. हसल्या नाहीत. उभ्याउभ्या दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढली.

"हंसाआजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

बापूने, म्हटलं. पानमळ्यात.

म्हणाल्या, मी पण हेच करतेय, संगणकावर. फक्त दोन गोष्टी आणखी लिहा. एक, तारखा. कोण कधी आलं, ताप कधी आला. बुरशी आज शिरली तरी दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मागे जाऊन बघायचं. दुसरं, नुसते आजारी लिहू नका. जे आजारी पडले नाहीत तेही लिहा. "कामणच्या आजी तिथेच असून बऱ्या का, हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे."

हे बापूला सुचलं नव्हतं. वाळलेली वेल अर्धंच सांगते, हिरवी वेल उरलेलं.

खरं तर एकदा बापूही फसला होता. चिंध्या ना पाटाच्या रेषेत, ना कुंपणाच्या. मळाभर विखुरलेल्या, इथे एक, तिथे दोन. महिनाभर डोकं खाजवलं. शेवटी कळलं, पानं खुडायला अंगठ्यात लोखंडी नख घालतात, ते नख रोगट वेलीवरून चांगल्या वेलीवर फिरत होतं. आणि नख कोणाचं? बापूचंच! आई त्याला मरेपर्यंत त्यावरून चिडवायची.

डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या आणि वहीत बघत राहिल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

वॉर्डात काचेच्या ताटल्या ठेवल्यात. झाकणं काढून. आत खळीसारखं काहीतरी पिवळट. हवेतून जे पडेल ते त्यावर उगवणार. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्या. एसीची जाळी काढून धुतली. पाणी काळं, ते बघून सगळे म्हणाले, हेच! हेच ते! जोआनाचा नवरा तर प्लंबरलाच मारायला निघाला. त्या बिचाऱ्याचा एसीशी काय संबंध?

जोआनाच्या डोळ्याच्या मागेही गेलंय म्हणतात. दोन पोरं आहेत तिला. धाकटा बालवाडीत.

२८ ऑगस्ट, बुधवार

ताटल्या उगवल्या. खिडकीजवळच्या दोन्हीवर तुरळक ठिपके. एसीखालची जवळजवळ कोरी. जोआनाच्या उशाशी ठेवलेली मात्र गच्च, राखाडी-हिरवी, गोधडीसारखी.

डॉक्टर म्हणाल्या, एका ताटलीवरून काही ठरत नाही. पण त्या ताटलीवर नंबर-तारीख लिहून ती सोबत घेऊन गेल्या.

आर्याच्या पेशी दीड हजारावर आल्या. उतरणीला लागल्या. तोंडात फोड आलेत, बोलत नाही. उशीत तोंड घालून पडून असते.

२९ ऑगस्ट, गुरुवार

निकोलस अंकल गेला. पहाटे चारला, असं रेजिना म्हणाली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मातीला गेले होते. वसईहून रिक्षाने. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. प्रार्थनेतलं निम्मं कळलं.

एलिसा मला बघून पुढे आली. हात धरला. "हंसाबाय, त्याला तुमच्या उशीवरच नीज यायची. हॉस्पिटलच्या त्या रेक्झिनवर डोकं घामेजायचं. तीच पेटीत ठेवलीय मी, डोक्याखाली." पेटीत वाकून बघितलं. खरंच. तपकिरी चौकटींची. माझ्या जुन्या पातळाची.

रडले नाही तिथे. घरी येऊन भात टाकला आणि मग रडले.

मे महिन्यापासून उशा शिवते. पोरांचे केस गेलेले, टाळूला रेक्झिन चिकटायचं, कातडी सोलायची. आपल्या सावरीची बोंडं फुटलेलीच होती. केवढंसं काम ते! कोणाला कशाची आठवण ठेवावीशी वाटेल, सांगता येत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

सुमेधला ताप. नऊ नंबर. चोवीस वर्षांचा, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं उशाखाली ठेवून झोपतो. फोटोत छातीत डाग.

चौथी चिंधी. तीन, पाच, आठ, नऊ. विखुरलेल्या.

आर्याच्या पेशी चारशे.

३ सप्टेंबर, मंगळवार

आर्या शून्यावर.

ताप नाही. दर दोन तासांनी मोजतात. मी मधल्या वेळात कपाळावर हात ठेवते. माझाच हात गरम, म्हणून काही कळत नाही.

विकी म्हणतो, आत्या, हिला मुंबईला हलवूया का? डॉक्टरांनी सांगितलं, या स्थितीत अॅम्ब्युलन्समध्ये दोन तास, हायवेवरची धूळ, तिथे खाटेची खात्री नाही. थांबा. विकी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभा राहिला. लहानपणी पतंग फाटला तरी असाच उभा राहायचा.

५ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर ज्ञानदांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं. म्हणाल्या, हवा तपासली, पाणी तपासलं, छत तपासलं. जागा आणि आजार यांचा मेळ बसत नाही. म्हणजे जागेचा दोष नसावा. एखादी वस्तू असावी, काहींच्या खाटेपर्यंत जाणारी, काहींच्या नाही. "घरून काय काय आणता, सगळं सांगा. लपवू नका, कोणी रागावणार नाही."

लिहायचं काम मला दिलं! म्हणाल्या, तुमच्याशी लोक खरं बोलतात.

दिवसभर फिरले. खाटेखाटेला. वॉर्डातून गेलेल्यांच्या घरी फोन लावले. कोणी काय काय सांगितलं! गुरुजींच्या सुनेने कबूल केलं, तुळशीची कुंडी आणली होती, दोन दिवस. जोआनाच्या नवऱ्याने मोतमावलीच्या चर्चमधलं फूल. सुमेधच्या आईने आधी "काही नाही" म्हटलं, मग हळूच, अंगारा. कामणच्या आजी म्हणाल्या, "लिव, भाकर आनि सुका बोंबील. आनि परत आननार हाय तेबी लिव!"

खजूर, खोबरेल तेल, पंचा, जपमाळ, पुस्तकं, मोबाईल, पेज. चार पानं भरली. आर्याचं मीच लिहिलं: बाटली, चार्जर, पेज, स्कार्फ.

चौघांच्याही घरून आलेली एकच वस्तू म्हणून शोधली. मोबाईल. तो तर कामणच्या आजींकडेपण आहे, नातवाशी भांडायला.

डॉक्टरांनी वाचलं. "काहीतरी सुटतंय, आजी." मी म्हटलं, घरून आलेलं एकूण एक लिहिलंय.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

भाऊकडे गणपती बसला. मी गेले नाही. दुपारी आरत्या दूरवरून वॉर्डात ऐकू येत होत्या.

आर्याला काल सकाळपासून ताप, एकशे दोन. आज छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला ठिपका. चण्याएवढा.

औषध लगेच लावलं. लवकर सापडलंय म्हणतात. लवकर सापडलं तर पुष्कळ जण वाचतात म्हणतात. आर्याने विचारलं, "आजी, माझी पण चिंधी लाल का?" म्हटलं, मी अजून बांधली नाही.

संध्याकाळी बांधली. दहा नंबर.

८ सप्टेंबर, रविवार

आर्याचा ताप तसाच. मोदक कुस्करून अर्धा खाल्ला. पुष्कळ झालं.

आज मोतमावलीचा सण. रेजिना घरून केक घेऊन आली, डोळे सुजलेले. गुरुजी पण गेले, मुंबईला, काल.

निघताना म्हणाली, "बाय, दोन नंबरला नवीन पोरगी आली. रेक्झिनवर रडते. एखादी उशी आहे का?" एक आहे, म्हटलं. शिवून तयार आहे, पोपटी. उद्या आणते.

९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उशी पिशवीत घालायच्या आधी तिची नोंद करायला मागचं पान उघडलं. उशांची यादी. कोणाला दिली, कोणत्या कापडाची, कधी.

पुराच्या आधीच्या कापसाच्या बारा. त्यातल्या कामणच्या आजी एक. बाराही जण बरे. छातीचं कोणालाच काही नाही.

पुरानंतरच्या, माळ्यावर वाळवलेल्या कापसाच्या, सात. श्रीरंग गुरुजी, अठरा जुलै. निकोलस अंकल, वीस जुलै. जोआना, चोवीस. डेरिक, अठ्ठावीस. त्याच्या पेशी भरल्या, तो दहा दिवसांतच घरी गेला. सुमेध, पाच ऑगस्ट. आर्या, बारा ऑगस्ट.

सातवी माझ्या मांडीवर आहे.

कोणी सांगितली नाही, कारण ती कोणाच्याच घरून आली नव्हती. माझ्या घरून आली होती.

रेजिनाला फोन केला. आर्याची आणि सुमेधची उशी काढ, आत्ताच्या आत्ता. प्लास्टिकमध्ये बांध. जोआनाचीपण. डेरिकच्या घरी मी लावते. तिने विचारलं, का? म्हटलं, येऊन सांगते.

वही डॉक्टरांना द्यायची आहे. दोन्ही बाजूंची पानं लागतील त्यांना. एकही फाडलेलं नाही.